काटा काय म्हणते?

लांजेवार काकांची आणि माझी ओळख आमच्या कुकरनं करून दिली, आणि तीही शिट्टी न वाजवता.

नागपुरात हुडकेश्वरच्या त्या जोडघरात आम्ही नवे नवे राहायला आलो होतो. खोकी अजून उघडायची होती, पण माझा डब्यांचा धंदा, त्यामुळे शेगडी आल्या दिवशीच पेटलेली. तुरीची डाळ लावली आणि बेल वाजली. दारात एक उंच म्हातारा. पांढरी बनियन, खाकी हाफपँट, दोरीनं गळ्यात लटकवलेला चष्मा. नाव नाही, गाव नाही, नमस्कार नाही.

"तुमचा कुकर काहून नाही वाजून राहिला?"

मी म्हटलं, "तुमाले कसं माहीत आमच्या घरी कुकर लागला हाय?"

"भिंत एकच हाय ना. चढवल्याचा आवाज आला. मंग शिट्टी पाहिजे. शिट्टी नाही म्हणजे एक तर भोकात डाळीचं साल अडकलं, नाही तर रबर गेलं. अडकलं असंल तर फुटंल, गेलं असंल तर गळंल. शांत हाय म्हणजे संशय हाय."

असं म्हणून ते माझ्या परवानगीशिवाय स्वयंपाकघरात गेले, गॅस बंद केला, हाताची घडी घालून कुकरसमोर उभे राहिले आणि तो थंड होईपर्यंत हलले नाहीत. रबरच गेलं होतं. पण मला काही त्यांचे उपकार वाटले नाहीत. जो माणूस भिंतीतून कुकर ऐकतो तो आणखी काय काय ऐकत असेल, हाच विचार माझ्या डोक्यात. त्या दिवशी मी माझ्या नवऱ्याला, दिलीपला, बजावलं, "यापुढं घरात हळू बोलायचं."

"मी बोलतोच कुठी?" दिलीप म्हणाला. ते खरंच आहे. लकडगंजच्या आरा मशीनवर दिवसभर लाकडं कापल्याचा आवाज ऐकून आलेला माणूस घरी तोंड उघडतो ते जेवायलाच.

काका समुद्रातल्या तेलविहिरींवर इंजिनियर होते. आता नागपूरपासून समुद्र किती लांब, ते आमच्या इथं कोणी शाळकरी पोट्टंही सांगेल. उमरेडचा हा माणूस त्या खाऱ्या पाण्यात कसा पोचला कोण जाणे, पण सगळी नोकरी त्यांनी तिथंच काढली. महिनाभर समुद्रात, महिनाभर घरी. काम काय, तर विहिरीत जड चिखल ओतायचा. खालून तेल उसळी मारतं, त्याच्या उरावर हा चिखल बसवायचा, म्हणजे ते गुमान राहतं. काकू, म्हणजे शालूकाकू, हे सगळ्या कॉलनीला एका वाक्यात सांगत. "माह्या बापानं सांगतलं पेट्रोलवाला जावई हाय, निंगाला चिखलवाला!"

समोरच्या खोलीत, जिथं लोक घड्याळ लावतात, तिथं काकांनी विहिरीवरचं एक जुनं पितळी मीटर टांगलेलं होतं. दाब मोजायचं. परातीएवढी तबकडी, काळा काटा, तो कायमचा शून्यावर. नवा पाहुणा आला की हटकून आपल्या मनगटावरचं घड्याळ तपासून म्हणायचा, "तुमचं बंद पडलं वाटते." काकू त्या मीटरला सवत म्हणायच्या. दर दसऱ्याला मात्र शस्त्रपूजेत त्याला हळदकुंकू लावून झेंडूचं फूल वाहायच्या, आणि वाहताना शिव्याही घालायच्या. "घे माय, घे. नवरा नेला, आता फूल घे."

काकांचा सगळ्या जगावर संशय होता, आणि त्यांच्या संशयाचा एकच नियम. आवाज करतं ते ठीक, गप्प आहे ते धोक्याचं. गिझर गुरगुरत नाही, संशय. कुलरचा पंप आवाज न करता चालतो, संशय. कुत्री भुंकत नाहीत, संशय. भाजीवाल्यानं न मागता कोथिंबीर दिली, तर तिची काडी न् काडी तपासायचे. कोणी म्हटलं, "बरं चाललंय काका," की डोळे बारीक करून विचारायचे, "काटा काय म्हणते?"

एकदा मला अंगणात गाठून हळूच म्हणाले, "ज्योती, तुझा नवरा भांडत काहून नाही वं?"

"त्याचा स्वभावच तसा हाय काका."

"हौ का. पाहून ठेव बाप्पा. एवढी शांतता चांगली नाही."

झालं! आठवडाभर मी दिलीपचे खिसे तपासले. मोबाइल पाहिला. लकडगंजला त्याच्या मालकिणीला फोन लावून उगाच सागवानाचा भाव विचारला. शेवटी जेवताना मी ताट आपटलं, "तुमच्या पोटात काय हाय ते एकदा सांगूनच टाका!" दिलीप घाबरून म्हणाला, "वरण." असा हा म्हातारा घरात न येता घरात भांडण लावायचा.

तेलगळतीबद्दल मी एकदाच विचारलं, आणि माझी नवी कोरी टूथपेस्ट गमावून बसले. टीव्हीवर कुठल्या तरी दूरच्या समुद्रात विहीर गळत असल्याचं दाखवत होते. तळातून काळा धूर निघावा तसं तेल निघत होतं. मी सहज म्हटलं, "काका, वरून एवढा समुद्र दाबून राहिला, मंग तेल बाहेर येते कसं? उलट पाणीच आत जायला पाहिजे."

काकांचे डोळे असे चमकले की मला माझीच चूक कळली. "पेस्ट आण," म्हणाले. "अन् बादली."

भरल्या बादलीत त्यांनी झाकण काढलेली ट्यूब बुडवली. "पाहा. पाणी चारही बाजूनं दाबून राहिलं. पेस्ट येऊन राहिली का? नाही. आता मी दाबतो." पांढरी अळी बादलीभर पसरली. "पाण्याचा दाब हाय, पण माझ्या मुठीचा त्याहून जास्त. समुद्रात दर दहा मीटर खाली गेलं का आपल्या डोक्यावरच्या अख्ख्या आभाळाएवढं वजन आणखी वाढते. दीड हजार मीटर खाली म्हणजे एकावर एक दीडशे आभाळं! पण तेल त्याच्याही खाली हाय वं, खडकाच्या पोटात. त्याच्यावर समुद्र तर हायच, वरून डोंगराएवढा खडकही बसून हाय. त्याची मूठ मोठी. म्हणून ते दीडशे आभाळं लोटून वर येते."

"मंग बंद कसं करतात?"

"वरून झाकण बसवतात. झडप हळूहळू फिरवून बंद करतात. अन् मंग काट्याकडे पाहत बसतात." इथं काका थांबले. "लोकाले वाटते, झाकण लावलं अन् काटा खालीच राहिला म्हणजे बरं झालं. उलटं हाय! झाकण लागल्यावर दाब चढला पाहिजे. चढला तर समजायचं विहीर धड हाय, आतलं आत कोंडलं. नाही चढला, तर खाली कुठी तरी भिंत फुटली, अन् तेल आपल्याले न सांगता भलतीकडून चाललं. आमच्या एका विहिरीवर असंच झालं होतं. आम्ही सगळे त्या काट्यापुढं बसलो होतो, मोठे साहेबसुद्धा. कोणी जेवलं नाही. एकानं तर कोराडीच्या देवीले नवस बोलला, का माय, चढव."

"चढला का?"

"चढला ना. तोच काटा हाय हा." त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. मी बादलीकडे पाहत होते. पेस्ट मोठ्या साइजची होती.

तर असा माणूस. विचित्र, चोंबडा, पण निरुपद्रवी, असंच मी धरून चालले होते. मग मी त्याला चोरी करताना पाहिलं.

आमची मागची अंगणं एकमेकांना लागून. काकूंनी आंब्याच्या लोणच्याची बरणी उन्हात ठेवली आणि त्या आत गेल्या. काका मांजरासारखे बाहेर आले, इकडंतिकडं पाहिलं, बरणी उचलून न्हाणीघराच्या मागं सावलीत ठेवली, आणि पुन्हा आत जाऊन पेपर वाचत बसले. थोड्या वेळानं काकूंचा आवाज असा उठला की माझी तव्यावरची पोळी करपली. "काय जी, माही बरणी कोनं हलवली? हात झडतीन त्याचे!" काका पेपरामागून शांतपणे म्हणाले, "मले काय माहीत वं."

मी पाळत ठेवली. काका काकूंचा चष्मा तांदळाच्या डब्यात पुरून ठेवत. मिठाच्या बरणीत साखर भरत. ओला टॉवेल नेमका काकूंच्या उशीवर टाकत. कॅलेंडरचं पान उलटून भलताच महिना लावून ठेवत. आणि रोज, सकाळी नाही तर दुपारी, काकू कडाडायच्या. तो आवाज समोरच्या मेश्रामबाईंपर्यंत जायचा. मेश्रामबाई सरकारी कचेरीत तक्रार समितीवर आहेत, त्यामुळे त्यांना तक्रार नसली तर करमत नाही. मी त्यांना सगळं सांगितलं.

"याले मानसिक छळ म्हणतात ज्योती," त्या म्हणाल्या. "जन्मभर बाई एकटी ठेवली, आता म्हातारपणी बसून तिले पिडून राहिला. मी पाहतोच! माझ्याजवळ त्याइच्या पोरीचा नंबर हाय. पुण्याले असते. एक फोन केला ना, ती येऊन मायले घेऊन जाईन."

मला पटलं. हसरा चेहरा करून आतून दुष्टपणा करणारी माणसं मी पाहिली आहेत, माझी एक मोठी जाऊ तशीच आहे. पण फोन करण्याआधी म्हाताऱ्याला तोंडावर चार शब्द सुनवावे, असं माझं मत पडलं. मेश्रामबाई म्हणाल्या, "तू सुनव, संध्याकाळी मी फोन लावतो."

तो मे महिन्याचा दिवस होता. बाहेर ऊन नुसतं भाजून काढत होतं. डबे रवाना करून मी बसले, तेव्हा लक्षात आलं, आज भिंतीपलीकडून आवाज नाही. काल? कालही नव्हता. परवा? मला आठवेना. त्या म्हाताऱ्याच्या नादानं मलाही शांततेची धास्ती वाटायला लागली होती. मी पदर खोचला आणि तशीच त्यांच्या घरात शिरले.

काकू पंख्याखाली सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. समोर टेबलावर उघडी मिठाची बरणी, आत साखर. कॅलेंडरवर डिसेंबर. लोणच्याची बरणी न्हाणीघरामागं नाही, चक्क देवघरात. ओला टॉवेल काकूंच्या मांडीशी, तांदळाच्या सुपाला लागून. म्हणजे म्हाताऱ्यानं सगळे गुन्हे एकाच दिवशी करून ठेवले होते! आणि काकू त्या पसाऱ्यात बसून मंद हसत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "या, बसा." मला! मला त्या कधी 'या, बसा' म्हणाल्या नव्हत्या. 'आली का वं भवाने' असं म्हणायच्या.

काका स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. मी त्यांना मागच्या अंगणात ओढलं आणि तोंड सोडलं. "काका, तुमाले लाज नाही वाटत का? मी सगळं पाहिलं. काकूले काहून छळून राहिले तुम्ही? आज संध्याकाळी पुण्याले फोन जाणार हाय, सांगून ठेवतो!"

काकांनी माझं ऐकलंच नाही. माझा हात धरून म्हणाले, "ज्योती, काटा चढून नाही राहिला वं."

मी हात सोडवला नाही.

"दसऱ्याले तिनं मीटरले फूल नाही वाहिलं," ते सांगायला लागले. "मी वाट पाहून राहिलो. दुपार झाली तरी नाही. मंग मलेच विचारलं, 'हे घड्याळ बंद काहून हाय जी?' डॉक्टरकडे नेलं. आठवण जाऊन राहिली म्हणतात. हळूहळू सगळं जाईन. पुढं एक दिवस नवी साडी नेसून उमरेडच्या एसटीत बसायले निंगाली. माहेरी जातो म्हणे. माहेरी कोन हाय आता? घराले कुलूप हाय."

"मंग हे चष्मा लपवणं, साखर..."

"मी समुद्रावरून घरी आलो का, ही पहिला दिवस फक्त भांडायची. मी उंबऱ्यात उभा, पिशवी हातात, अन् ही सुरू. पोरगी आजारी होती तेव्हा कुठी होते, छत गळत होतं तेव्हा कुठी होते. सगळं बरोबर होतं तिचं. मले बोलायची सोय नव्हती. पण मले तेव्हाच समजायचं का घर धड हाय. आता ती गप्प बसते, तर मले भेव वाटते. म्हणून मी रोज काही तरी करतो. ती चिडली का समजते, आत हाय अजून. चार दिवस झाले, चिडली नाही." काकांनी बनियनीनं डोळे पुसले. "काटा नाही चढला, तर त्याचे दोन अर्थ होतात वं. एक तर कुठी तरी गळून राहिलं, नाही तर खालचंच आटत आलं. काट्याकडे पाहून फरक कळत नाही. नुसतं पाहत बसावं लागते. पोरीले फोन कर ना, पण तिकडं तिले कोन चिडवंल?"

मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. कोणाचा ते विचारू नका. चार शब्द सुनवायला आलेली मी तशीच आत गेले, काकूंच्या समोर मांडी घालून बसले आणि म्हटलं, "काकू, एक सांगायचं होतं. आजकाल मी पाटवडीच्या रश्श्यात साखर घालतो."

सुपातला हात थांबला.

"थोडी नाही," मी म्हटलं, "चांगली वाटीभर. अन् तिखट कमी. पुण्याकडं करतात तशी. तुमच्या रश्श्याहून बरी लागते."

काकूंनी मान वर केली. डोळे माझ्यावर आले, आधी पाहुणीकडे पाहावं तसे, आणि मग हळूहळू भवानीकडे पाहावं तसे.

"साखर?" त्या म्हणाल्या. "पाटवडीच्या रश्श्यात?" सूप बाजूला झालं. "अवं माय! थो रस्सा हाय का शिरा? खाताना नाकातून पानी नाही आलं तर थो रस्सा कायचा वं? तुले माह्या हातानं शिकवलं मी, खसखस भाजून दाखवली, अन् तू साखर घालतं? तुझे डबे खाणारी पोट्टी उपाशी मरतीन! माह्या रश्श्याले नाव ठेवतं? ऊठ! ऊठ माह्या घरातून!"

शिव्या खाऊन इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. दारातून काकांनी माझ्याकडे पाहिलं. लहान पोराला आकाशपाळण्यात बसवल्यावर त्याचा होतो, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"अन् तुम्ही काय दात काढून राहिले जी?" काकू तिकडं वळल्या, आणि एकदम थांबल्या. काकांना त्यांनी वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही कवा आले समुद्रावरून?"

काकांचं हसू गेलं. मला वाटलं, आता हा म्हातारा खाली बसेल. तो बसला नाही. त्यांनी खुंटीवरची कापडी पिशवी काढली, भाजीची, रिकामी, आणि चप्पल न घालता समोरच्या दारातून बाहेर जाऊन उंबऱ्यापलीकडं उभे राहिले. पिशवी हातात, तोंड आत.

"आत्ताच आलो," म्हणाले.

"आत्ता? पोरगी तापानं फणफणून राहिली, घरात रॉकेल नाही, अन् हे आत्ता आले! समुद्र काय तुमच्या बापानं बांधला का? इकडं मी एकटी काय काय पाहू? बोला ना! बोलत काहून नाही?"

समोर, आपल्या घराच्या दारात मेश्रामबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या, हातात मोबाइल. मी त्यांना हातानंच थांबवलं. काकू बोलत होत्या. छत, रॉकेल, ताप, शाळेची फी, सासू, दिवाळीत न आलेलं पत्र, एकेक काढत होत्या, आणि आवाज वाढतच होता. काका भर उन्हात तापलेल्या फरशीवर अनवाणी उभे. एक पाय उचलायचे, तो टेकवून दुसरा उचलायचे.

मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "काका, पाय भाजून राहिले ना. आत तरी या."

"साल चुकलं वं तिचं," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पण माणूस बरोबर ओळखला."

"हौ काका. पण आत या."

"थांब ना," काका म्हणाले. "अजून चढून राहिला."